प्राण्यांची जवळीक आणि मेंदूतील संप्रेरके: ऑक्सिटोसिन बाहेरून दिल्याने नाते जुळते का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: मेंढी कळपातून स्वतःचे कोकरू अचूक ओळखते, काही प्राण्यांत नर आणि मादी दीर्घकाळ जोडीने राहतात, माकडे ठरावीक सोबत्यांच्याच अंगावरचे केस निवडत बसतात, आणि या सगळ्यामागे मेंदूतील ऑक्सिटोसिन असल्याचे सांगितले जाते, तसे असेल तर हे संप्रेरक बाहेरून देऊन कोणत्याही दोन प्राण्यांत जवळीक निर्माण करता यायला हवी, ती करता येते का? प्राण्यांचे सामाजिक वर्तन आणि त्यामागील मेंदूचे कार्य हाच माझ्या कामाचा विषय असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. त्याचे थोडक्यात उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु ते का, हे समजल्याशिवाय त्या उत्तराचा फारसा उपयोग नाही. समोर आलेल्या एका विशिष्ट जिवाचा वास, आवाज किंवा चेहरा मनात ठसावा आणि तो ठसा समाधानाशी बांधला जावा, यासाठी ऑक्सिटोसिन आणि त्याच्याशी मिळतेजुळते व्हासोप्रेसिन ही संप्रेरके मेंदूत थोड्या काळापुरती अनुकूल स्थिती निर्माण करतात. ही स्थिती केव्हा येते, मेंदूच्या कोणत्या भागात येते आणि त्या वेळी समोर कोण असते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

ऑक्सिटोसिन आणि व्हासोप्रेसिन ही दोन्ही संप्रेरके म्हणजे प्रत्येकी नऊ अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या आहेत, आणि त्या नवांपैकी केवळ दोन जागी त्यांच्यात फरक आहे. दोन्ही प्रामुख्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील चेतापेशींत तयार होतात. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी मेंदूखालच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते असे दाखवले. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यामुळे कित्येक दशके ऑक्सिटोसिनचा विचार प्रसूती आणि दूध उतरणे यांच्या संदर्भात, तर व्हासोप्रेसिनचा विचार मूत्रपिंड आणि रक्तदाब यांच्या संदर्भात झाला. हीच संप्रेरके पियुषिकेतून रक्तात सोडली जातात तशी मेंदूच्या आतही सोडली जातात, हे नंतर स्पष्ट झाले. पुढील विवेचनासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पेशींचा अडसर असतो, त्यातून हे रेणू फारच अल्प प्रमाणात पलीकडे जातात. रक्तातील ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच निम्मे होते, तर मेंदूभोवतीच्या द्रवात ते त्याहून बराच अधिक काळ टिकते. म्हणून रक्तातील प्रमाण वाढले म्हणजे मेंदूतही वाढले, असे गृहीत धरता येत नाही.

या रेणूंचे घराणे ५० कोटी वर्षांहून जुने आहे. पक्ष्यांत ऑक्सिटोसिनच्या जागी मेसोटोसिन असते, माशांत आयसोटोसिन असते, आणि सूक्ष्म गोलकृमींतही याच घराण्यातील एक रेणू मिलनाच्या वर्तनात भाग घेतो. गोलकृमीला पिलांची माया नसते आणि जोडीदाराची ओढही नसते. प्रजननाचे काम पाहणारी एक प्राचीन यंत्रणा पुढे सस्तन प्राण्यांत पिलाच्या संगोपनासाठी, आणि काही मोजक्या जातींत जोडीदारासाठी वापरली गेली, असा याचा अर्थ मी लावते. नवे नाते नव्या रसायनातून आलेले नाही.

यातील मूळ नाते आई आणि पिलू यांचे, आणि त्याचा सर्वांत सुस्पष्ट अभ्यास मेंढीवर झाला आहे. गाभण नसलेली मेंढी, किंवा प्रसूतीला अवधी असलेली मेंढी, नवजात कोकराच्या अंगावरील गर्भजलाच्या वासाने दूर सरते. प्रसूतीच्या सुमारास तोच वास तिला हवासा वाटू लागतो. कोकरू बाहेर पडताच ती वळते, त्याच्या अंगावरचा ओला थर चाटू लागते, घशातल्या घशात एक खोल, खालच्या पट्टीतला आवाज काढते आणि कोकरू धडपडत सडाकडे येऊ लागले की अंग स्थिर ठेवून उभी राहते. हे चालू असताना ती त्याचा वास शिकत असते. साधारण दोन तासांत हे शिकणे पुरे होते. त्यानंतर दुसरे कोकरू दूध प्यायला आले तर ती त्याला हुंगते आणि डोक्याने ढुशी देऊन हाकलते. उलट, जन्मल्याबरोबर कोकरू उचलून काही तास दूर ठेवले तर अनेक मेंढ्या स्वतःच्या कोकरालाही स्वीकारत नाहीत. मेलेल्या कोकराचे कातडे अनाथ कोकराच्या अंगावर बांधून त्याला मेंढीच्या गळी उतरवण्याची मेंढपाळांची जुनी रीत याच जाणिवेवर उभी आहे.

या दोन तासांत मेंदूत काय घडते, याचा छडा बॅरी केव्हर्न, कीथ केंड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून लावला. कोकरू जन्ममार्गातून बाहेर येताना गर्भाशयाचे मुख आणि योनिमार्ग ताणले जातात, तो संदेश मज्जारज्जूतून मेंदूत पोहोचतो आणि तेथे ऑक्सिटोसिन सुटते. हा ताण कृत्रिम रीतीने निर्माण केला, तर स्वतःच्या कोकराशी नाते जुळून गेलेली मेंढीदेखील परके कोकरू स्वीकारू शकते, हे १९८३ मध्ये दाखवले गेले. कण्यात भूल देऊन हा संदेश अडवला तर मातृवर्तन विस्कळीत होते, आणि अशा मेंढीच्या मेंदूतील द्रवात ऑक्सिटोसिन सोडले तर ते बरेचसे पूर्ववत होते. त्याच वेळी वास ओळखणाऱ्या गंधपिंडात बदल होतात. प्रसूतीपूर्वी त्यातील बहुतेक पेशी अन्नाच्या वासाला प्रतिसाद देतात. प्रसूतीनंतर त्यांतील पुष्कळ पेशी कोकराच्या वासाला प्रतिसाद देऊ लागतात, आणि काही पेशी तर केवळ स्वतःच्याच कोकराच्या वासाला. मला हा संपूर्ण विषयातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो. कोणत्या कोकराशी नाते जुळावे, याची माहिती ऑक्सिटोसिनच्या रेणूत कोठेही नसते. ती कोकराच्या वासात असते. संप्रेरकाने गंधपिंडाला शिकण्यासाठी तयार केले आणि त्या वेळी नाकासमोर जे कोकरू होते, ते तिचे झाले.

उंदीर-घुशींच्या कुळात चित्र थोडे वेगळे दिसते, कारण तेथे आई स्वतःच्या आणि परक्या पिलात फारसा भेद करत नाही. प्रयोगशाळेतील घूस, म्हणजे रॅट, व्यालेली नसेल तर पिलांना टाळते. १९७९ मध्ये कॉर्ट पेडरसन आणि आर्थर प्रांज यांनी अशा माद्यांच्या मेंदूतील पोकळीत ऑक्सिटोसिन सोडले, तेव्हा त्या पिलांना चाटू लागल्या, गोळा करून घरट्यात आणू लागल्या. मात्र त्यासाठी त्या माद्यांचे शरीर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने आधीच तयार झालेले असावे लागते. इस्ट्रोजेन मेंदूच्या काही भागांत ऑक्सिटोसिनच्या रिसेप्टरची संख्या वाढवते, आणि रिसेप्टर, म्हणजे पेशीवर संप्रेरकाला धरणारी प्रथिने, जेथे नाहीत तेथे संप्रेरक कितीही ओतले तरी काही घडत नाही. या प्रयोगाइतकीच महत्त्वाची पण कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की कोणतेही संप्रेरक न देता अशा मादीला पिलांच्या सहवासात सतत ठेवले, तर सुमारे आठवड्याभरात तीही आईसारखी वागू लागते. सहवासाला जे साधायला दिवस लागतात, ते प्रसूतीच्या वेळची संप्रेरके काही तासांत साधतात.

शिकण्याचा हा भाग न्यूयॉर्कमधील बियांका जोन्स मार्लिन आणि रॉबर्ट फ्रोमके यांच्या २०१५ च्या कामातून आणखी नेमका झाला. घरट्याबाहेर पडलेले उंदराचे पिलू माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या आवाजात साद घालते. आई ती साद ऐकून धावते. न व्यालेली मादी दुर्लक्ष करते. या मादीच्या डाव्या श्रवण-बाह्यकात, म्हणजे मेंदूच्या आवाज ओळखणाऱ्या भागात, ऑक्सिटोसिन सोडले, तेव्हा तेथील पेशींना थोपवून धरणारे संदेश काही काळ सैल झाले, पिलाच्या सादेला पेशी नेमका प्रतिसाद देऊ लागल्या आणि मादी पिलू उचलून आणायला लवकर शिकली. एकदा हे वर्तन पक्के झाले की ऑक्सिटोसिन अडवूनही ते मोडत नाही. संप्रेरकाची गरज शिकताना असते, शिकून झाल्यावर तितकी राहत नाही.

ओळखीशिवाय नाते संभवत नाही, हे ऑक्सिटोसिनचे जनुक निकामी केलेल्या उंदरांनीही दाखवून दिले. असे उंदीर प्रसूत होतात, पिलांची काळजी घेतात, परंतु त्यांना पान्हा फुटत नाही आणि पिले दगावतात. इतर गोष्टींत त्यांची स्मरणशक्ती शाबूत असते. पण थोड्या वेळापूर्वी भेटलेला उंदीर पुन्हा समोर आला तर ते त्याला नव्याने भेटल्यासारखे हुंगत राहतात. मेंदूतील अमिग्डाला या भागात ऑक्सिटोसिन दिले की ही ओळख परत येते. प्रसूतीची प्रक्रिया पार पडावी आणि ओळख मात्र हरवावी, हा निष्कर्ष ऑक्सिटोसिनकडे प्रसूतीचे संप्रेरक म्हणूनच पाहणाऱ्यांना अनपेक्षित होता.

आता जोडीदारांकडे वळू. सस्तन प्राण्यांत जोडीने राहणाऱ्या जाती थोड्या आहेत. एकूण जातींच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्यांतील प्रेअरी व्होल हा उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतला, मुठीत मावेल एवढा उंदरासारखा प्राणी या विषयाचा मुख्य आधार ठरला. इलिनॉय राज्यात लोवेल गेट्झ या प्राण्यांची गणना करत होते, तेव्हा एकाच सापळ्यात तोच नर आणि तीच मादी पुन्हा पुन्हा एकत्र सापडत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. स्यू कार्टर यांनी हे निरीक्षण प्रयोगशाळेत नेले. डोंगराळ भागातील माँटेन व्होल आणि कुरणांतला मेडो व्होल हे प्रेअरी व्होलचे अगदी जवळचे नातलग असूनही त्यांच्यात अशी जोडी जमत नाही. इतके सारखे प्राणी आणि वर्तनात इतका फरक, ही तुलना अभ्यासकाला सहजासहजी मिळत नाही.

येथे ज्या चाचणीवर सारा डोलारा उभा आहे, ती नीट सांगणे आवश्यक आहे. नर आणि मादी साधारण एक दिवस एकत्र ठेवतात, त्या काळात त्यांचे मिलन होते. नंतर एकमेकांना जोडलेल्या तीन कप्प्यांचा पिंजरा घेतात. एका टोकाच्या कप्प्यात जोडीदार, दुसऱ्या टोकाच्या कप्प्यात तितकाच सुदृढ पण अपरिचित प्राणी, दोघेही छोट्या दोरीने बांधलेले. मधला कप्पा रिकामा. ज्याची परीक्षा आहे तो प्राणी मोकळा सोडतात आणि तीन तास चित्रीकरण करतात. प्रेअरी व्होल आरंभी दोन्हीकडे जातो, दोघांनाही हुंगतो, आणि मग जोडीदाराच्या कप्प्यात जाऊन त्याच्या कुशीला अंग टेकवून बसतो. पुढचा बराच वेळ चित्रफितीत हालचाल अशी दिसतच नाही. दोन प्राणी मिळून एक गोळा झालेला असतो. माँटेन व्होल मात्र बहुतांश काळ मधल्या कप्प्यात एकटा राहतो. मिलनाची आवड आणि जोडीदाराची ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या चाचणीत उघड होते, कारण प्रेअरी व्होलदेखील संधी मिळाल्यास परक्याशी मिलन करतो. मोकळ्या मैदानातील पिलांच्या पितृत्वाच्या तपासण्यांतही ते आढळले आहे. जोडीने राहणे आणि शरीराने एकनिष्ठ असणे यांची गल्लत लोकप्रिय लेखनात सतत होते आणि ती मला खटकते, कारण तिच्यामुळे प्राण्यांवर मानवी नीतीचे निकष लादले जातात.

टॉमस इन्सेल आणि लॉरेन्स शापिरो यांनी १९९२ मध्ये या दोन जातींच्या मेंदूंची तुलना केली. दोन्ही जातींच्या मेंदूत ऑक्सिटोसिन होते. रिसेप्टर मात्र वेगवेगळ्या ठिकाणी होते. प्रेअरी व्होलमध्ये ते न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात दाट आढळले, म्हणजे सुखद अनुभवाचे मोल ठरवणाऱ्या व्यवस्थेच्या केंद्रातच. माँटेन व्होलमध्ये तेथे ते विरळ होते. व्हासोप्रेसिनच्या व्ही-१-ए या रिसेप्टरचेही तसेच. प्रेअरी व्होलच्या व्हेंट्रल पॅलिडम या भागात त्यांची गर्दी असते. मादीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडले तर मिलनाशिवाय, अल्प सहवासातही ती त्या नराला पसंत करू लागते; नरात व्हासोप्रेसिन तेच काम ठळकपणे करते; आणि रिसेप्टर अडवणारे औषध दिले तर मिलन होऊनही पसंती निर्माण होत नाही. मग २००४ मध्ये मिरांडा लिम, लॅरी यंग आणि सहकाऱ्यांनी व्ही-१-ए रिसेप्टरचे जनुक निरुपद्रवी विषाणूच्या साहाय्याने मेडो व्होल नराच्या व्हेंट्रल पॅलिडममध्ये पोहोचवले, आणि एरवी कोणाशीही जोडी न करणारा तो नर आपल्या मादीजवळ बसू लागला. संप्रेरक तेच राहिले, केवळ ते जेथे ऐकले जाते ती जागा बदलली.

मेंदूतील या जागेचे महत्त्व डोपामिनमुळे, म्हणजे सुखद अनुभवाशी जोडलेल्या रासायनिक संदेशवाहकामुळे आहे. मिलनाच्या वेळी न्यूक्लियस अक्युम्बेन्समध्ये डोपामिन सुटते आणि त्याच वेळी ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर तेथेच सक्रिय असतात. जोडीदाराचा वास आणि समाधानाची भावना यांची गाठ तेथे पडते. डोपामिनचे डी-२ रिसेप्टर चेतवले तर जोडी लवकर जमते. डी-१ चेतवले तर जमत नाही. ब्रँडन अरागोना आणि झुओशिन वांग यांनी २००६ मध्ये दाखवले की जोडी होऊन सुमारे दोन आठवडे लोटले की नराच्या या भागात डी-१ रिसेप्टर वाढतात, आणि तो परक्या मादीलाही जवळ येऊ देत नाही, तिच्यावर धावून जातो. डी-१ अडवले तर हा आक्रमकपणा ओसरतो. जोडी जुळवणारी व्यवस्था दुसरी जोडी जुळू नये याचीही तजवीज करते.

एका जनुकाने एवढे साधते असे दिसल्यावर, व्ही-१-ए जनुकाजवळच्या डीएनएच्या एका लांब तुकड्यावरच एकनिष्ठा ठरते, असे काही काळ सांगितले जाऊ लागले. व्होलच्या इतर अनेक जाती तपासल्यावर असा तुकडा जोडी न करणाऱ्या जातींतही आढळला. मूळ शोध त्यामुळे खोटा ठरला नाही, परंतु त्यावर रचलेली सोपी कथा टिकली नाही.

जवळीक आणि वैर एकाच यंत्रणेतून निघतात, हे मेंढीच्या ढुशीत आणि व्होलच्या हल्ल्यात दिसले. गटाने राहणाऱ्या प्राण्यांतही तेच दिसते. युगांडातील बुडोंगो जंगलात कॅथरीन क्रॉकफर्ड आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींच्या लघवीचे नमुने गोळा केले. जवळच्या सोबत्याबरोबर केस निवडून झाल्यावर त्यातील ऑक्सिटोसिन वाढलेले आढळले, मग तो सोबती नातलग असो वा नसो; मैत्री नसलेल्या प्राण्याबरोबर तीच कृती केल्यावर तशी वाढ दिसली नाही. हा २०१३ चा अभ्यास. २०१७ मध्ये आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलातील चिंपांझींवरचे लिरान समुनी यांचे काम प्रसिद्ध झाले, आणि शेजारच्या टोळीशी संघर्ष होण्यापूर्वी व संघर्षाच्या वेळीही ऑक्सिटोसिन वाढते असे त्यात आढळले. आपल्यांना घट्ट धरणे आणि परक्यांसमोर उभे राहणे या कृती तेथे बरोबरच घडतात. लघवीतील संप्रेरक हे मेंदूतील घडामोडींचे थेट माप नव्हे, ही मर्यादा येथे लागू आहेच. पण जंगलातील मुक्त प्राण्याला न छेडता यापेक्षा फार अधिक करता येत नाही.

पक्ष्यांत हाच प्रश्न जेम्स गुडसन यांनी थव्याच्या आकारापासून हाताळला. झेब्रा फिंच हा चिमुकला पक्षी मोठ्या थव्यात राहतो. त्याच कुळातील काही जाती आपापल्या हद्दीत जोडीनेच राहतात. मेसोटोसिनच्या रिसेप्टरची मेंदूच्या सेप्टम भागातील मांडणी या जातींत वेगळी असल्याचे दिसले. झेब्रा फिंचच्या माद्यांत हे रिसेप्टर अडवले तेव्हा मोठ्या थव्याकडची आणि परिचित सोबत्यांकडची त्यांची ओढ कमी झाली. उत्क्रांतीत पक्ष्यांची फांदी सस्तन प्राण्यांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झालेली आहे, तरीही बदल झाला तो रिसेप्टरच्या मांडणीतच, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

केस निवडण्यामागे ऑक्सिटोसिनच आहे असेही मानू नये. केव्हर्न यांनी १९८९ मध्ये तालापोइन माकडांत दाखवले की केस निवडून घेताना मेंदूभोवतीच्या द्रवात बीटा-एंडॉर्फिन वाढते, आणि अफूसारख्या या अंतर्गत रसायनांचा परिणाम औषधाने अडवला तर माकड आणखी केस निवडून घेण्यासाठी सोबत्यापुढे अंग करते. आईपासून दूर केलेल्या पिलांचे रडणे मॉर्फिनच्या अगदी अल्प मात्रेने थांबते, हे याक पांकसेप यांच्या जुन्या प्रयोगांतून ज्ञात आहे. ओळख पटवण्याचे आणि मोल ठरवण्याचे काम एका रसायनसमूहाकडे आहे, तर सहवासात मिळणारी शांतता बरीचशी या दुसऱ्या समूहाकडे आहे.

नाते तुटल्यावर काय होते, हे पाहिल्याशिवाय त्याची ताकद कळत नाही. ऑलिव्हर बॉश आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रेअरी व्होल नरांना काही दिवस जोडीदारणीपासून वेगळे केले. पाण्यात सोडल्यावर हे नर हातपाय न मारता नुसते तरंगत राहू लागले. भावापासून वेगळे केलेल्या नरांत असे दिसले नाही. या खिन्नतेमागे ताणाशी संबंधित सीआरएफ नावाचा संदेशवाहक आहे आणि त्याचे रिसेप्टर अडवले तर नर पुन्हा धडपड करू लागतो. पुढच्या कामात असेही आढळले की विरहात हाच संदेशवाहक न्यूक्लियस अक्युम्बेन्समधील ऑक्सिटोसिनचा प्रभाव दडपतो. जोडीदाराजवळ परतण्याची ओढ अशा रीतीने सुखासाठी जितकी असते, तितकीच ही अस्वस्थता टळावी म्हणूनही असते.

२०२३ च्या आरंभी या क्षेत्राला एक धक्का बसला आणि त्याविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवानंद मनोली, निराव शाह आणि सहकाऱ्यांनी जनुकांत नेमका बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राने ऑक्सिटोसिनचा रिसेप्टरच नसलेले प्रेअरी व्होल तयार केले. या प्राण्यांनी जोडीदार निवडला, त्याच्याजवळ बसले, आणि माद्यांनी पिलांना दूधही पाजले, जरी त्यांची पिले तुलनेने कमी जगली. ज्या रिसेप्टरभोवती तीस वर्षांचे काम उभे होते, त्यावाचून जोडी जमली. काही जणांनी यावरून जुने सारे काम रद्दबातल ठरवले. ते मला पटत नाही. प्रौढ प्राण्यात औषधाने रिसेप्टर अचानक अडवणे आणि गर्भावस्थेपासून तो नसताना मेंदूची घडण होणे या दोन वेगळ्या परिस्थिती आहेत; दुसऱ्या परिस्थितीत व्हासोप्रेसिनसारख्या समांतर व्यवस्था ती उणीव भरून काढू शकतात. इतक्या महत्त्वाच्या वर्तनासाठी मेंदूने एकाच मार्गावर विसंबून राहावे, ही अपेक्षाच चुकीची होती. २०२५ मध्ये ॲनालिस बीरी आणि सहकाऱ्यांनी असेच रिसेप्टरविरहित व्होल घेऊन जोडीदाराऐवजी मैत्रीचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यात सवंगड्याची पसंती निर्माण व्हायला अधिक वेळ लागतो आणि गर्दीत ती सहज विरते, असे दिसले. जवळीक होते, पण ती लवकर होणे आणि एका विशिष्ट जिवावर स्थिर राहणे, याला ऑक्सिटोसिनचा हातभार लागतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. इंजेक्शनने दिलेले ऑक्सिटोसिन मेंदूत अत्यल्प पोहोचते आणि त्याचे परिणाम मुख्यतः गर्भाशय, स्तनग्रंथी व रक्ताभिसरण यांवर होतात, त्यामुळे जवळीक वाढावी या हेतूने ते कोणत्याही पाळीव प्राण्याला देऊ नये. नाकातून फवारा दिल्यास थोडा अंश मेंदूत जातो आणि काही प्राण्यांत वर्तन बदललेले दिसते. दक्षिण आफ्रिकेतील एका अभयारण्यात सिंहांना असा फवारा दिल्यावर ते एकमेकांच्या अधिक जवळ येऊ लागले, सरासरी अंतर सुमारे ७ मीटरवरून साधारण निम्म्यावर आले, आणि परक्या सिंहाची ध्वनिमुद्रित गर्जना ऐकून त्यांनी प्रतिगर्जना करणे कमी झाले. अन्न समोर असताना मात्र त्यांची परस्परांविषयीची सहनशीलता वाढली नाही. एकमेकांशी ओळख करून देण्याच्या नाजूक दिवसांत, प्राणिवैद्यांच्या देखरेखीखाली अशा उपायाचा उपयोग होऊ शकेल. तरीही नाते जुळेल ते त्या दिवसांतील सहवासाने, आणि तो सहवास त्रासदायक असेल तर फवारा त्यावर पांघरूण घालू शकणार नाही.

वाढत्या वयाच्या प्राण्यांबाबत मी अधिकच सावध आहे. केरन बेल्स आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आईचे दूध सुटल्यापासून वयात येईपर्यंत प्रेअरी व्होलच्या पिलांना रोज नाकातून ऑक्सिटोसिन दिले. फवारा दिल्यावर लगेचच्या काळात नर पिले सवंगड्यांशी अधिक मिसळली. हेच नर प्रौढ झाल्यावर त्यांची तीन कप्प्यांची चाचणी घेतली, तेव्हा कमी आणि मध्यम मात्रा मिळालेल्यांना जोडीदार आणि परकी मादी यांत नेहमीसारखी पसंती ठरवता आली नाही.